गळ्यातलं अक्षर

चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस, ‘आत्या, पहिल्या पगारातून अक्षराचं पेंडंट घेणार आहे. एक मला, एक आईला. काय बघून घेऊ?’ फोन ठेवला आणि मला तुझं बारसं आठवलं. पाळण्याभोवती बायका जमलेल्या, मी तुझ्या कानाशी वाकलेले, ‘कुर्रर्र’ म्हणताच पाठीवर धपाधप थापा पडलेल्या. तुझं नाव तुझ्या कानात सगळ्यांत आधी मी सांगितलं. तेव्हा त्या नावाच्या पहिल्या अक्षराबद्दलही चार गोष्टी मीच सांगते. यातल्या निम्म्या माझ्या आजीच्या. कोल्हापुरात सराफांच्या गुजरीत डाग करायला जाताना ती मला बोट धरून न्यायची. उरलेल्या मी चुका करून शिकले. त्या चुका तू परत करू नयेस एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी अक्षर, मग सोनं

दुकानात इंग्रजी अक्षरं तयार मिळतात, मराठी अक्षर बहुतेक वेळा सांगून घडवून घ्यावं लागतं. आठ-दहा दिवस जास्त गेले तरी चालतील, पण आधी ठरव की हे अक्षर कुणी वाचायचं आहे. इंग्रजीत सरिताही एस आणि शुभदाही एस. मराठीत स वेगळा, श वेगळा. तुझा श इंग्रजीत गेला की अर्धा हरवतो.

इंग्रजीच आवडत असेल तर घे, पण एक बघ. पेंडंट गळ्यात गरकन फिरतं. ए, एच, एम, टी, व्ही ही अक्षरं फिरली तरी तशीच दिसतात. एस, एन, जे, के, आर उलटले की अक्षराचं काहीतरी भलतंच होतं. अशा अक्षराला मधोमध एक कडी नको, दोन टोकांना दोन कड्या हव्यात आणि चेन त्या दोन कड्यांना जोडलेली हवी. जे आणि एल यांचं वजन एका बाजूला असतं. एका कडीवर घेतलंच तर दोऱ्याला टांगून बघ, तिरकं लोंबतंय का.

मराठी अक्षराला हे सुख उपजतच आहे. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकलेलं असतं, त्या रेषेच्या दोन टोकांना चेन जोडली की ते हलत नाही. पण शिरोरेषा जाड घ्यायला सांग. ग, ण, श या अक्षरांचा उभा दंड बाकीच्या अक्षरापासून सुटा असतो, त्याला आधार फक्त वरच्या रेषेचा. रेषा बारीक असली की दंड पहिल्या महिन्यातच वाकतो. ध आणि भ यांची तर शिरोरेषाच मध्ये तुटते, तिथे कारागीर मागून तार घालून देतो. ती तार घातली आहे का, हे अक्षर उलटं करून बघायचं.

वळणही सांगून ठेव. आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल उभ्या दंडाचा. श चंही वळण दोन्हीकडे वेगळं. कारागीर बाहेरून आलेला असेल तर त्याच्या हाताला त्याच्या सवयीचं वळण येणार, त्यात त्याचा दोष नाही. तुझ्या हातानं कागदावर काढून दे, मापासकट.

आणि मात्रा-वेलांटीसकट अक्षर घेणार असशील तर ते एकटं वाचून बघ. मीराचं ‘मी’ गळ्यात किती छान दिसतं, त्याचा अर्थच ‘मी’. पण काव्याचं ‘का’ प्रश्न होतो आणि जान्हवीचं ‘जा’ समोरच्याला घालवून देतं. अशा वेळी नुसता क, नुसता ज घ्यावा.

आईचं अक्षर

हे तुला दुकानात कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तुझ्या आईबाबांच्या लग्नात तांदळाचं ताट मी धरलं होतं. दादानं अंगठीनं त्या तांदळात वहिनीचं नवं नाव लिहिलं, व वरून. आधार कार्डावर, बँकेत, सगळीकडे आता तेच. पण तिची भावंडं अजून तिला जुन्या नावानं हाक मारतात, म वरून. तुमच्या फडताळात मागच्या बाजूला एक पितळी डबा आहे. त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, ते तिचं माहेरचं. तुमच्या घरातली बाकीची पितळ मोडीत गेली, तो डबा तिनं दिला नाही.

म्हणून आईचं अक्षर आपल्या मनानं ठरवू नकोस. सहज बोलता बोलता विचार, लहानपणी तुला कोण काय हाक मारायचं, आता कोणती हाक बरी वाटते. व सांगेल, म सांगेल, नाहीतर बाळपणीचं तिसरंच एखादं नाव सांगेल. ती सांगेल ते अक्षर. कुणालाही भेट देताना हाच नियम. नवऱ्याचं अक्षर, आडनावाचं अक्षर हे जिनं घालायचं तिनं मागितलं तरच. ज्या हाकेला माणूस वळून बघतं, ती हाक त्या अक्षरात असावी.

चेन तिच्या दिवसाला झेपेल अशी

आजी म्हणायची, रोजचा डाग अंगावर आहे हे विसरायला व्हायला हवं. टोचला, अडकला, केसात गुंतला की समज, माप चुकलं.

सोळा इंची चेन गळ्याच्या खळगीशी बसते, अठरा इंची गळ्याच्या हाडाच्या थोडी खाली, वीस इंची आणखी खाली. हे अंगलटीवर थोडं मागेपुढे होतं, म्हणून दोरा घेऊन मापायचं. आईचं माप न विचारता हवं असेल तर तिची रोजची चेन अंघोळीच्या वेळी उतरवलेली असते, तिला दोरा लावून घे. तिचं लहान मंगळसूत्र असतं, त्याच्यात आणि या चेनीत निदान दोन इंचांचं अंतर ठेव, नाहीतर दोन्ही एकमेकांत गुंतत राहतील. खात्री नसेल तर अठरा इंची घे आणि सोळावर एक जादा कडी घालून घे, म्हणजे दोन्ही मापं होतात.

केसासारखी बारीक चेन दुकानातल्या दिव्यात फार नाजूक दिसते. पण तू रोज लोकलनं जाणार, बॅगेचा पट्टा खांद्यावर, ओढणी, कानाला वायर. माझ्या मतानं रोजच्या चेनीनं तीन ग्रॅमच्या खाली जाऊ नये आणि चेन अक्षरापेक्षा जड असावी. साध्या कड्यांची किंवा बॉक्स चेन घे, तुटली तरी कुठलाही सोनार जोडून देतो. स्नेक चेनला एकदा मुरड पडली की ती जात नाही. पोकळ चेन जाड दिसते, पण चेपली की तिची दुरुस्ती नीट होत नाही. भरीव आहे का, हे स्पष्ट विचार.

खडे लावलेलं अक्षर सणासुदीला ठीक. रोजच्या अक्षराच्या कडा गोल हव्यात. दुकानातच ओढणीच्या टोकावरून अक्षर फिरव. एक धागा जरी ओढला गेला तरी ते परत ठेव.

कडी झाळलेली हवी

माझ्या पहिल्या पगाराचं अक्षर मी आठ महिने घातलं. एके दिवशी एसटी स्टँडवर गर्दीत चढले, बसायला जागा मिळाली, गळ्याला हात लावला. चेन होती, अक्षर नव्हतं. घरी येऊन भिंगाखाली बघितलं तर अक्षराची कडी नुसती पकडीनं वाकवून बसवलेली होती, झाळलेलीच नव्हती. रोजच्या ओढाताणीनं तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं आणि मला एक दिवसही कळलं नाही. इतक्या वर्षांनीही त्या स्टँडवर उतरले की माझी नजर जमिनीकडे जाते.

म्हणून प्रत्येक कडीवर नख फिरवून बघ. जिथे तोंड मिळतं तिथे नख अडकलं तर कडी उघडी आहे. ‘ही झाळून द्या’ एवढंच म्हणायचं, पाच-दहा मिनिटांचं काम. हूक चार वेळा उघडून लावून बघ. मागे हात नेऊन एकटीला लावता येतो का, तेही दुकानातच बघ.

सराफापुढे बसल्यावर

रोजच्याला २२ कॅरेट की १८, हे आजीच्या वेळी कुणी विचारत नव्हतं, आता विचारायला हवं. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, रंग गर्द, पण नरम. १८ मध्ये ७५ टक्के, बाकी तांबं, चांदी वगैरे, म्हणून कणखर. अक्षर जाड आणि भरीव असेल तर २२, पातळ कापलेलं किंवा खड्यांचं असेल तर १८. चांदी घ्यायची तर ९२.५ टक्क्यांची घे.

हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता म्हणजे ‘२२के९१६’ किंवा ‘१८के७५०’, आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. भिंग माग, नंबर वाच, मोबाइलवर बीआयएस केअर अॅपमध्ये घाल. दागिना कोणता, शुद्धता किती, हे तिथे दिसतं. सराफ चांगला असेल तर भिंग स्वतःहून पुढे करतो.

आता नीट ऐक. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि तुझं अक्षर बहुतेक दोन ग्रॅमच्या आतलंच असणार. चेनीवर खूण आहे म्हणून अक्षरही त्याच कसाचं असेल, असं धरून चालू नकोस. दोन्ही वेगळे डाग आहेत. अक्षराची शुद्धता आणि वजन पावतीवर वेगळं लिहून घे.

पावतीत सोन्याचा त्या दिवसाचा भाव, वजन, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. घडणावळ लहान डागाला जास्त पडते, कारण मेहनत तेवढीच लागते, तेव्हा वजनाला नाही तर घडणावळीला घासाघीस कर. खडे असतील तर त्यांचं वजन सोन्याच्या भावात धरलेलं नाही ना, ते बघ. आणि मोडायला गेलीस तर घडणावळ परत येत नाही. नावाचा डाग दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो, चुकला तर दाखवता यावं म्हणून ऑर्डर देताना अक्षराचा कागद पावतीला जोडून ठेव.

पाडवा, दसरा, गुरुपुष्याच्या तोंडावर ऑर्डर देऊ नकोस. तेव्हा कारागिराच्या हातात कामाचा ढीग असतो आणि पहिली घाई कडीवरच होते.

माझ्याकडे एक कुडं आहे, जोडीतलं दुसरं हरवलं. आईच्या अक्षरात त्याचं सोनं घालायचं असेल तर पाठवते. आधी वजन कर, तुझ्या डोळ्यांसमोर आटवून घे, आटवल्यावर परत वजन कर, कस तपासून घे. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई बांधव देशभर हेच काम करतात, त्यामुळे तू कुठेही असलीस तरी मराठी बोलणारा गलाईवाला भेटेल. समोर उभं राहून बघायला त्यांची ना नसते.

सोन्याचं पाणी दिलेलं स्वस्तातलं घेणार असशील तर मैत्रिणींच्या वाढदिवसाला घे, रोजच्याला नको. घामानं पाणी उडतं, आणि खाली निकेल असेल तर पुष्कळ जणींच्या मानेवर पुरळ उठतं.

बाळाला गळ्यातलं नको

तुझ्या मैत्रिणीच्या मुलीचं बारसं आहे म्हणालीस. तिथे अक्षराची चेन नेऊ नकोस. तान्ह्या बाळाच्या गळ्यात काहीही घालायचं नाही, झोपेत अडकून गळा आवळण्याची भीती असते. नुसतं अक्षर घे, डबीत ठेवून तिच्या आईच्या हातात दे, शाळेत जायला लागली की चेन करतील. बाळाला घालायला वाळे आहेत, तेही घट्ट कडीचे.

निगा

चेन सगळ्यांत शेवटी घालायची, सेंट आणि क्रीम आधी. पोहायला जाताना काढायची, तलावातलं क्लोरीन सोन्यातल्या बाकीच्या धातूंना आणि झाळेला खातं. पंधरा दिवसांनी रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजव, मऊ ब्रशनं अक्षराच्या मागच्या बाजूनं घास, सुती फडक्यानं टीप. हे काम पातेल्यात करायचं, बेसिनमध्ये नाही. काढून ठेवताना हूक लावून वेगळ्या पुडीत ठेव. गाठ बसलीच तर ओढू नकोस. बशीत ठेव, खोबरेल तेलाचा एक थेंब सोड आणि दोन सुयांनी सोडव. वर्षातून एकदा कड्यांवरून नख फिरवायचं, मी आता दर दिवाळीला फिरवते.

आणि शेवटचं. आईला डबी नुसती हातात देऊ नकोस. तिच्या मागे उभी राहा, केस बाजूला घे, हूक लाव. मग तिच्या कानाशी वाक आणि ज्या नावाचं अक्षर घेतलं असशील, त्या नावानं तिला हाक मार. आईला नावानं हाक मारायची तुला सवय नाही. एवढी एकदा मार.

तुझी,
आत्या