ऊन आणि उष्णता : शाळेच्या अंगणातील दोन प्रयोग

“सौर पॅनेल चांगले तापले, तर त्यातून वीज वाढेल की घटेल?” असा प्रश्न जळगाव-धुळे भागातील कोणत्याही शाळेत विचारून पाहावा. बहुतेक मुले “वाढेल” असेच सांगतात. या उत्तरामागे तर्क आहे. भुसावळनजीकच्या दीपनगर केंद्रात कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ करतात व त्या वाफेच्या बळावर वीज निर्माण होते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले असते. परंतु साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली पूर्ण झालेला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प निराळ्या तत्त्वावर चालतो. तेथे वीज होते ती प्रकाशापासून. उष्णता तिला मारकच ठरते. खानदेशात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, म्हणून हा भेद इथल्या मुलांनी स्वतः मोजून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला प्रयोग उष्णतेचा. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात लहान खोके ठेवून मधल्या जागेत भुसा भरावा. आतून काळा रंग द्यावा, वर काच बसवावी आणि झाकणाला चकचकीत कागद लावून ऊन आत वळवावे. भांडे बाहेरून काळे हवे. प्रस्तुत लेखकाने एकदा घासूनपुसून लखलखीत केलेला स्टीलचा डबा ठेवला होता. दुपार टळली तरी तूरडाळ कच्चीच राहिली, आणि मुलांना मात्र कारण न सांगता कळले.

दुसरा प्रयोग प्रकाशाचा. त्यासाठी सहा व्होल्टची दोन लहान पॅनेल आणि एक मल्टिमीटर पुरे. सावलीत ठेवलेली पॅनेल भर दुपारी एकाच कोनात उन्हात मांडावी व लगेच दोहोंचा दाब मोजावा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजल्यास आकडा उतरलेला दिसतो. आता एका पॅनेलच्या पाठीला ओले फडके लावावे. तारांचे जोड मात्र कोरडे ठेवावेत. थोड्याच वेळात त्याचा आकडा पुन्हा चढू लागतो, दुसऱ्याचा चढत नाही. एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, “ते पॅनेलच मुळात चांगले असेल.” ही शंका मोलाची आहे. फडके दुसऱ्या पॅनेलला लावून पडताळा घ्यावा. मुलांना सूर्याकडे थेट पाहू देऊ नये. छपरावरील मोठ्या पॅनेलच्या तारांनाही हात लावू देऊ नये.

सिलिकॉनच्या सामान्य पॅनेलची क्षमता पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्का घटते. उन्हाळ्यात पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापले, तर सोळा टक्के वीज गेलीच. पंचायत सदस्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. पत्र्याच्या छपराला अगदी चिकटवून बसविलेल्या पॅनेलखाली वारा खेळत नाही आणि ते अधिक तापते. खाली वीतभर मोकळी जागा सोडावी व तोंड दक्षिणेकडे करावे. कलही मुलांना काढता येतो : पॅनेल कायमचे एकाच जागी बसवायचे असल्यास तो साधारणपणे गावाच्या अक्षांशाइतका, म्हणजे जळगाव-धुळ्याला सुमारे एकवीस अंश ठेवतात. ग्रामपंचायतीच्या छपरावर पॅनेल बसविण्याचे अंदाजपत्रक होण्यापूर्वी शाळेची ही नोंदवही एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावी.