टेस्टरच्या आधी गाय सांगते

राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात वायरमनचं काम करताना घरांपेक्षा गोठ्यांतच माझा वेळ जास्त गेला. घराचं वायरिंग माणूस एकदा नीट करून घेतो. गोठ्याचं वायरिंग कुणी करत नाही, ते आपोआप वाढत जातं. आधी एक बल्ब, मग कडबा कुट्टी, पाण्याची मोटर, मिल्किंग मशीन, उन्हाळ्यात फॉगर, आणि सगळा भार त्या पहिल्या बल्बाच्या वायरवर. अशा गोठ्यांत फॉल्ट शोधता शोधता जे कळलं ते असं.

१. जनावराचं वागणं बदललं की विजेचाही संशय घ्या.
गाय हौदाला तोंड लावते आणि झटकन मागे सरते. एरवी गरीब असलेली गाय धारेच्या वेळी लाथ झाडते, पान्हा चोरते. मालक डॉक्टरांना बोलावतो, घरातली म्हातारी दृष्ट काढते. वायरमनची आठवण शेवटी होते. गाईच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, खुरं ओल्या कोब्यावर, तोंड लोखंडी नळाला. चप्पल घातलेल्या माणसाला कळणारही नाहीत एवढे थोडे व्होल्ट तिला पुरतात. इथे खिशातला टेस्टर गप्प बसतो, कारण त्यातला निऑन इतक्या कमी दाबावर पेटत नाही. मल्टिमीटर घ्या. एक टोक हौदाच्या लोखंडाला, दुसरं गाय उभी राहते त्या ओल्या जागेला लावा आणि गोठ्यातली यंत्रं एकेक करून चालू करा. ज्या यंत्राला काटा हलेल, त्याच्या मागे लागा. एकही यंत्र चालू नसताना व्होल्ट दिसत असतील तर न्यूट्रल आणि अर्थिंग तपासायला घ्या. डॉक्टरांना बोलवू नका असं मात्र मी म्हणत नाही. कासेचा आजार असला तरी गाय अशीच वागते.

२. स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी 'कधी होतं?' एवढं विचारा.
पावसातच होत असेल तर ओल. मोटर लावल्यावर होत असेल तर जॉइंट किंवा बारीक वायर. वेळकाळच नसेल तर बहुधा उंदीर.

३. मेन बंद केला म्हणजे वीज गेली, असं धरून चालू नका.
जुन्या गोठ्यांत एकेरी स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. बल्ब विझतो, फेज मात्र आत तसाच जिवंत. म्हणून मेन पाडल्यावरही प्रत्येक टोक तपासूनच हात घाला. आणि हो, स्टार्टर उघडताना पालही बघा. तिथे चिकटून मेलेली पाल किती मोटरी बंद पाडते, हे कुठल्याही वायरमनला विचारा.

४. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर शेवटी बदला.
घरापासून गोठा शंभर फुटांवर, मधली वायर एक चौरस मिलिमीटर तांब्याची. जाऊन-येऊन तिचा रोध साधारण १.१ ओहम. दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना दहाएक अँपिअर घेते, तेव्हा वायरमध्ये अकरा व्होल्ट जातात. ते चालून जातं. पण सुरू होताना ती चार-पाचपट ओढते, मग पन्नासेक व्होल्ट वाटेतच खर्च होतात. संध्याकाळी लाइनलाच १९० असेल तर मोटरच्या वाट्याला काय उरणार? मोटर सुरू करतानाच तिच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. बंद मोटरवर २३० दिसले तर त्यावरून काही कळत नाही. वायर चार चौरस मिलिमीटरची टाकली की हा तोटा चौथाईवर येतो. दुकानदार दर वर्षी कपॅसिटर विकायला तयारच असतो.

५. फॉल्ट बहुतेक वेळा जॉइंटमध्ये असतो, आणि गोठ्यात जॉइंट लवकर खराब होतात.
गोमूत्राचा अमोनिया पितळ-तांब्याला खातो, टर्मिनलवर हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसतं. त्यात ॲल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरला तांब्याची वायर पिळून वर टेप गुंडाळलेली. अशी गाठ तापते, सैल होते, पुन्हा तापते. बल्ब मंद-तेज होऊ लागला की ती गाठ शोधा. काहीच चालत नाही, पण सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो, असं झालं तर न्यूट्रल तुटलाय. दुसऱ्या भोकातला उजेड चालू ठेवलेल्या बल्बातून फिरून आलेल्या फेजचा असतो. लोक मात्र 'डबल फेज आला' म्हणून डीपीकडे धावतात.

६. बल्ब लागला म्हणून अर्थिंग चांगलं ठरत नाही.
आपल्याकडे अर्थिंगची परीक्षा एकच: फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावायचा. लख्ख लागला की पास. शंभर वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी तो जेमतेम मंद होतो, डोळ्याला फरक कळत नाही. आता हिशेब करा. मोटरच्या बॉडीत फेज उतरला, तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर वाहणार. सोळा अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर जन्मात पडणार नाही, आणि बॉडी जवळजवळ पूर्ण दाबाने जिवंत राहील. रोध एवढा चढतो तो कोरड्या जमिनीमुळे. पारनेर, कर्जत, जामखेडकडचा मुरूम उन्हाळ्यात कोरडाठाक असतो. आमच्याकडची काळी जमीन ओलीत चांगली, पण उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. मीठ-कोळसा भरला तरी खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

७. ईएलसीबी सारखा पडतो म्हणून काढून टाकू नका.
माझं सगळ्यात जास्त भांडण इथेच होतं. दुकानात तो आता आरसीसीबी नावाने मिळतो. तीस मिलिअँपिअरचा घ्या. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो वीज तोडतो, अर्थिंग कच्चं असलं तरी माणूस वाचू शकतो. गोठ्यातलं सगळं बंद, आणि घरात मिक्सर लावला की मेनचा ईएलसीबी पडतो, अशी तक्रार आली की मिक्सरला दोष देऊ नका. गोठ्यात कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय. स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. घरातल्या प्रवाहाचा थोडा भाग तिथून जमिनीत उतरतो. मेन बंद करून पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सोडवा आणि प्रत्येकाचा अर्थशी रोध मोजा. चोर सापडतोच. बहुधा चिखलात बुडालेला मोटरच्या केबलचा जॉइंट असतो.

८. दोन गोष्टी कुणाच्याही गोठ्यात दिसल्या तर मी आधी त्या काढायला लावतो.
एक, पत्र्याला किंवा लोखंडी अँगलला बांधलेली कपडे वाळत घालायची तार. वरची वायर पत्र्यावर घासून सोलली की ती तार जिवंत होते आणि ओले कपडे टाकणारी बाई जाते. दुसरी, न्यूट्रल नाही म्हणून अर्थच्या पाइपावर चालवलेला बल्ब. पाइप कुठे तुटला तर पुढचं सगळं लोखंड फेजवर येतं. यावर 'इतकी वर्षं काही झालं नाही' असं उत्तर मिळतं.

९. खांबावर चढू नका.
मुळा-प्रवरा वीज सोसायटीच्या काळात लाइनमन ओळखीचा असायचा, 'तूच बघ रे वर' म्हणायचा. २०११च्या फेब्रुवारीपासून इथला कारभार महावितरणकडे आहे, पण सवय गेलेली नाही. मीटरच्या अलीकडचं काम परवानाधारक वायरमनचं, पलीकडचं कंपनीचं. १९१२ला फोन करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

ईएलसीबीवर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. आज संध्याकाळी धारा काढून झाल्या की ते दाबून बघा. ईएलसीबी पडला नाही तर उद्याच बदला.