छायाचित्रकाराची पाठपिशवी

रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठण्यापुढील स्थानक निडी होय. येथील पावसाळ्यात हौसेने छायाचित्रे काढणाऱ्याने पाठपिशवी घेताना डौलापेक्षा ओलाव्याचा विचार आधी करावा. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. तिने काचेवरील लेप खाल्ला, म्हणजे डाग पुसूनही जात नाही. म्हणून दुकानात आपला कॅमेरा पिशवीत घालून पाहावा. तो आत हलू नये, तळाशी जाड गादी असावी आणि वर पावसाळी आच्छादन असावे. ऐपत नसल्यास बळकट दप्तरात मऊ अस्तराचा कप्पा बसविला तरी भागते. मात्र कोणतीही पिशवी कॅमेऱ्याचे घर नव्हे. घरी येताच तो पुसून, कोरडा करून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा व पिशवी उघडी वाळवावी. पालकहो, या नित्याच्या काळजीस पैसा फारसा लागत नाही, सवय लागते.