प्राणी-प्रतिमान : उपमा की रूपक?

उपमेला चार अंगे असतात : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. वैद्यकातील ‘प्राणी-प्रतिमान’ ही संज्ञा याच चौकटीत नीट उलगडते. माणसाचा रोग हे उपमेय, प्राण्यात घडवलेला संसर्ग हे उपमान. उरतो प्रश्न साधारण धर्माचा : साम्य नेमके कशात? लैंगिक संबंधांतून पसरणारे तीन जिवाणूजन्य रोग पाहू.

परम्याचे जिवाणू निसर्गतः फक्त माणसात राहतात. मानवी रक्तातील ट्रान्सफेरिन या प्रथिनातून ते लोह मिळवतात. उंदराच्या ट्रान्सफेरिनमधून त्यांना ते घेता येत नाही. म्हणून मादी उंदराला इस्ट्रोजेन संप्रेरक आणि प्रतिजैविके देऊन संसर्ग घडवावा लागतो, आणि तोही थोड्याच दिवसांत ओसरतो. इथे साधारण धर्म तोकडा आहे.

क्लॅमिडियाची उंदरांत आढळणारी प्रजाती वेगळी : क्लॅमिडिया म्युरिडॅरम. ती योनिमार्गातून वर सरकून अंडवाहिन्यांना इजा करते. स्त्रियांच्या वंध्यत्वाशी हे साम्य जवळचे. पण जिवाणूंना रोखण्याची पेशींची रीत दोघांत भिन्न आहे.

उपदंशाचा संसर्ग मेचनिकॉफ आणि रू यांनी १९०३ मध्ये चिंपांझीत घडवून दाखवला. पुढे ससा हे मुख्य उपमान ठरले. १९१२ साली मिळवलेला ‘निकोल्स’ वाण सशांच्या वृषणांत दशकानुदशके जपला गेला. हे जिवाणू प्राण्याबाहेर दीर्घकाळ वाढवण्याची पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही सशाच्या पेशींच्याच आधाराने. सशाला माणसासारखा व्रण होतो. मात्र माणसात अनेक वर्षांनी उद्भवणारे हृदयाचे व मेंदूचे विकार या प्रतिमानात सहसा उतरत नाहीत.

उपमेत साम्य असते आणि भेदही शाबूत असतो. रूपकात भेदच पुसला जातो. ‘लस उंदरांत परिणामकारक ठरली’ हे वाक्य उपमेच्या मर्यादेत राहते. ‘परम्यावर लस सापडली’ असे म्हणताच त्याचे रूपक होते आणि रुग्ण नसलेल्या औषधाची वाट पाहू लागतो. काव्यात अभेदाने सौंदर्य वाढते, आरोग्याच्या बातमीत धोका.

वर्गासाठी स्वाध्याय : प्राण्यांवरील प्रयोगाची एखादी बातमी निवडा. तिच्यातील उपमेय, उपमान आणि साधारण धर्म लिहा. साम्यवाचक शब्द कुठे गळला ते शोधा आणि तो परत घालून बातमीचा मथळा नव्याने लिहा.