आधी आरआरटी, मग नोकरी

लाँग बीच, कॅलिफोर्निया
२० नोव्हेंबर २०२३

मुक्ता,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. डिसेंबरात रेस्पिरेटरी थेरपीचा कोर्स संपतोय, जावईबापूंच्या, समीरच्या, बदलीचं अजून अधांतरी आहे, आणि तुझ्या वर्गातली मैत्रीण म्हणते की आधी नुसतं सीआरटी हे खालचं प्रमाणपत्र पदरात पाडून कामाला लागू, वरच्या आरआरटीचं पुढे बघता येईल. फोनवर उत्तर दिलं असतं तर निम्मं कुकरच्या शिट्टीत गेलं असतं, म्हणून लिहितेय.

मैत्रिणीचा बेत कॅलिफोर्नियात चालणार नाही. १ जानेवारी २०१५ पासून इथे नव्याने परवाना मागणाऱ्याकडे आरआरटी असावंच लागतं. काही राज्यांत अजून सीआरटीवर परवाना मिळतो, आणि अलास्कात तर या कामाला राज्याचा परवानाच नाही. पण समीरची बदली कुठे होईल याच्या अंदाजावर तू तुझी परीक्षा अर्धवट सोडू नकोस. आरआरटी असलं की कुठल्याही राज्यात अर्ज करता येतो. सीआरटीवर थांबलीस तर राहायचं कुठे हे त्या कागदाने ठरवायचं, असं होईल.

तुझ्या मेसेजमध्ये एनबीआरसी आणि बोर्ड यांची थोडी सरमिसळ झालीय. एनबीआरसी ही देशपातळीवरची संस्था. ती परीक्षा घेते आणि सीआरटी, आरआरटी ही प्रमाणपत्रं देते. परवाना मात्र राज्याचा, आपल्याकडे रेस्पिरेटरी केअर बोर्डाचा. आरआरटी झालीस म्हणून पेशंटच्या व्हेंटला, म्हणजे व्हेंटिलेटरला, हात लावायची मुभा मिळत नाही, ती परवान्याने मिळते. आणि तुझं कॉलेज कोआर्क या संस्थेच्या मान्यतेचं आहे म्हणूनच तू परीक्षेला बसू शकतेस. तिन्ही ठिकाणची माणसं वेगळी, फॉर्म वेगळे, फी वेगळी. एकीकडे पाठवलेला कागद दुसरीकडे आपोआप पोचेल अशी आशा ठेवू नकोस.

आता परीक्षा. पहिली टीएमसी: १६० प्रश्न, ३ तास. त्यातले २० प्रश्न नुसते चाचपणीचे असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. पण ते कोणते हे कळत नाही, म्हणून सगळेच मनापासून सोडवायचे. पास होण्याच्या रेषा दोन. खालची ओलांडली की सीआरटी, वरची ओलांडली की सीआरटी मिळतंच, शिवाय दुसऱ्या परीक्षेला, म्हणजे सीएसईला बसता येतं. ती पास झालीस की आरआरटी. टीएमसीची फी १९० डॉलर, सीएसईची २००. कोर्स संपल्यापासून ३ वर्षांच्या आत दोन्ही उरकायच्या, नाहीतर टीएमसी पुन्हा द्यावी लागते. तीनदा नापास झालं तर पुढच्या प्रयत्नाआधी १२० दिवस थांबवतात. हे घाबरवायला सांगत नाही, तारखा आखायला सांगतेय. डिसेंबरात सुटलीस की जानेवारी-फेब्रुवारीत टीएमसी आणि त्याच्या पाठोपाठ सीएसई. आयसीयूतले आवाज अजून कानात असतात तोवर बसावं. भारतात जाऊन येण्याचा बेत त्यानंतरचा. आईला मी समजावते.

टीएमसीची मला काळजी नाही. पाठांतरात तू तुझ्या बाबांवर, माझ्या दादावर गेलीयस. काळजी सीएसईची आहे, आणि तीही तू हुशार आहेस म्हणूनच. आपण दहावी-बारावीच्या बोर्डात वाढलेली माणसं. प्रश्न काहीही असो, माहीत आहे तेवढं सगळं लिहायचं, पुरवणीवर पुरवणी जोडायची. तपासणारा कंटाळून तरी गुण देईल. सीएसईत पुरवणी जोडली की गुण कापले जातात.

तिचा साचा असा. ४ तासांत २२ पेशंट, त्यातल्या २० जणांचेच गुण धरतात. पडद्यावर एक माणूस येतो: वय, तक्रार, कुठे आहे, कसा दिसतोय. मग तपासण्यांची यादी येते आणि त्यातून हवी तेवढी माहिती निवडायची असते. प्रत्येक पर्यायाला आधीच गुण ठरवलेले असतात, काहींना अधिक तर काहींना उणे. दम्याचा झटका येऊन जो माणूस एक वाक्यही पुरं बोलू शकत नाही, त्याला पूर्ण फुप्फुस-क्षमता चाचणीला पाठवलंस तर गुण गेले. नाडी, श्वासाची गती, छातीचे आवाज, पल्स ऑक्सिमीटर हे विचारायचं राहिलं तरी गेले. त्यानंतर निर्णयाचा पडदा येतो, तिथे बहुतेक वेळा एकच पर्याय निवडायचा. एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. मला तर ही परीक्षा टीएमसीपेक्षा खरी वाटते, कारण वॉर्डातही मागे जाता येत नाही. पण तयारीच्या क्लासवाले तिचं गणित करून टाकतात, 'इतके पर्याय निवडा म्हणजे सुरक्षित' वगैरे. त्यांच्या नादी लागू नकोस. पडद्यावरच्या माणसाला खोलीत आहे असं धरून चाल, आणि प्रत्येक पर्यायाला विचार: याचं उत्तर आल्यावर मी काही वेगळं करणार आहे का? नसेल तर हात आवर.

आपल्या हुशार मुलांना हात आवरणंच जड जातं. सीओपीडीचा जुना पेशंट घे. एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ५८, सॅच्युरेशन ८९ टक्के. ५८ पाहिलं की व्हेंटचा रेट वाढवावासा वाटतो आणि ८९ पाहिलं की ऑक्सिजन. दोन्ही नको. पीएच जागेवर आहे, म्हणजे त्याच्या शरीराने वर्षानुवर्षांत त्या आकड्याशी जुळवून घेतलंय. आणि अशा माणसात आपल्याला ८८ ते ९२ एवढंच हवं असतं. 'आहे तसं ठेवा, लक्ष ठेवा' हा पर्याय यादीत दिसला की आळशी उत्तर वाटतं. इथे तेच बरोबर.

याच्या उलटही असतं. व्हेंटचा हाय-प्रेशर अलार्म वाजतोय, सॅच्युरेशन भराभर उतरतंय, आणि विद्यार्थी मशीनची बटणं दाबत बसलाय. तिथे आधी पेशंटला व्हेंटवरून काढायचं आणि १०० टक्के ऑक्सिजनवर हाताने बॅगिंग सुरू करायचं. बॅग सहज दाबली गेली तर दोष मशीनमध्ये किंवा सर्किटमध्ये. दाबताना जोर लागला तर दोष ट्यूबमध्ये किंवा छातीत. सक्शन कॅथेटर आत जातो का बघ, पेशंट ट्यूब चावतोय का बघ, दोन्ही बाजू ऐक. एका बाजूला आवाज नाही, श्वासनलिका दुसरीकडे सरकलीय, रक्तदाब कोसळतोय, तर एक्स-रेची वाट पाहायची नसते. डॉक्टरला सुई घालून हवा काढायला सांगायचं. परीक्षेतही एक्स-रेचा पर्याय मुद्दाम, अगदी सभ्य चेहऱ्याने, शेजारीच ठेवलेला असतो.

आकडेमोड रोज थोडी कर, कॅल्क्युलेटरशिवाय. निदान दोन गोष्टी झोपेतून उठवल्या तरी यायला हव्यात. पहिली, उंचीवरून काढायचं वजन. ५ फूट २ इंचाची बाई, काट्यावर भरतात ९० किलो. टायडल व्हॉल्यूम काट्यावरच्या वजनाने काढलास तर किलोमागे ६ मिलिलिटरने ५४० होतो. पण फुप्फुसं उंचीप्रमाणे असतात, चरबीप्रमाणे वाढत नाहीत. बाईसाठी ४५.५, आणि ५ फुटांवरच्या प्रत्येक इंचाला २.३, म्हणजे सुमारे ५० किलो, आणि व्हॉल्यूम ३००. या ६ च्या आकड्यामागे २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एआरडीएस नेटवर्कचा अभ्यास आहे. ८६१ पेशंट, निम्म्यांना १२ मिलिलिटर, निम्म्यांना ६. मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आलं. नवं औषध नाही, नवं मशीन नाही, फक्त कमी हवा.

दुसरी, सिलिंडर किती पुरेल. ई सिलिंडरच्या गेजवरच्या आकड्याला ०.२८ ने गुणायचं आणि मिनिटाला जाणाऱ्या लिटरने भागायचं: गेजवर १०००, फ्लो १० लिटर, तर २८ मिनिटं. सीटी स्कॅनला जायला लिफ्ट मिळाली नाही तर ही २८ मिनिटं कुठे जातात ते तू बघशीलच. मुलांना हे गणित किरकोळ वाटतं. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीच्या गळतीने ऑक्सिजनचा दाब पडला आणि वीसहून जास्त माणसं गेली, ती बातमी तू आणि मी वेगवेगळ्या देशांत बसून पाहिली होती. पुरवठा तुटल्यावर हातात किती मिनिटं आहेत हे आरटीला, म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्टला, डोक्यातल्या डोक्यात सांगता आलं पाहिजे.

कागदपत्रांचं एकच मोठं दुखणं, आणि ते खास आपलं आहे: नाव. तुझ्या पासपोर्टावर मधलं नाव दादाचं, ग्रीन कार्डावर समीरचं, कॉलेजात मधलं नावच नाही, आणि आडनाव दोन ठिकाणी माहेरचं. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत घेत नाहीत, फीही बुडते. एकच नाव ठरव, ड्रायव्हिंग लायसन्सवर आधी तेच करून घे, मग कॉलेज, मग एनबीआरसी, आणि शेवटी बोर्ड. लग्नाच्या दाखल्याची प्रत जवळ ठेव.

बाकीचं सरळ आहे. मार्कलिस्ट कॉलेजकडून थेट बोर्डाकडे जायला हवी. तू उघडून पाठवलेली चालत नाही. बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅनने द्यायचे, त्यावरून राज्याच्या न्यायखात्याकडची आणि एफबीआयकडची नोंद बोर्डाला मिळते. कायदा आणि व्यावसायिक नीतीचा छोटा कोर्स आहे, तो टीएमसीच्या अभ्यासाचा कंटाळा येईल तेव्हा उरकून टाक. आणि पार्टीहून येताना एक ग्लास जास्त झाला असेल तर समीरला चावी दे किंवा टॅक्सी कर. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा बोर्ड हलक्यात घेत नाही, आणि घेऊही नये.

परवाना हातात येईपर्यंत वर्क परमिटवर काम करता येतं, ठराविक मुदतीपुरतं आणि परवानाधारक थेरपिस्टच्या थेट देखरेखीखाली. मिळालं तर जरूर कर. पण 'देखरेख' शब्दाला चिकटून राहा. माणसं कमी असतील तेव्हा चार्जवरची थेरपिस्ट म्हणेल, तुला येतंय की, जा तू एकटी. तेव्हा नाही म्हण. तिची सोय होईल, पण अडकशील तू. पहिली नोकरी बघताना पगारापेक्षा रात्री आयसीयूत किती आरटी असतात आणि नव्याला किती आठवडे जोडीने ठेवतात, हे विचार.

तुझ्या कोल्हापूरच्या मैत्रिणीने विचारलेल्याचं उत्तरही इथेच देते. भारतात रेस्पिरेटरी थेरपीची बीएस्सी करून थेट इथल्या परीक्षेला बसता येत नाही. अमेरिकेत काम करायचं तर कोआर्कच्या मान्यतेच्या कोर्सला पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. कॅनडात ओंटारिओसारख्या प्रांतांत बाहेरून शिकून आलेल्यांचं शिक्षण आणि हातचं काम तपासून पुढे घेण्याची पद्धत आहे; ते सोपं नाही, पण दार बंदही नाही. 'डिग्री आहे ना, चालून जातं' असं सांगणाऱ्या एजंटाला तिने एक रुपया देऊ नये. पैसे भरण्याआधी तिने कॉलेजचं नाव कोआर्कच्या यादीत स्वतः शोधावं.

नोंदणी करायच्या आधी तुझ्या सगळ्या कागदांचे फोटो मला पाठव. शनिवारी माझी सुट्टी आहे, व्हिडिओ कॉलवर बसून एकेक अक्षर ताडून बघू.

तुझी,
आत्या