यकृतातली गाठ आणि बाळंतपण

पीसीओडीसाठी मी बरीच वर्षं इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेत होते. पुढे भलत्याच कारणाने सोनोग्राफी झाली आणि यकृतात गाठ दिसली. कॅन्सर नाही म्हटल्यावर घरच्यांच्या लेखी विषय संपला. डॉक्टरीणबाईंनी मात्र मूल होऊ देण्याआधी एमआरआय करायला लावला.

कॅन्सर नसलेल्या सगळ्याच गाठी सारख्या नसतात. हिमँजिओमा किंवा एफएनएच या प्रकारच्या गाठी बहुधा गरोदरपणात काही त्रास न देता पडून राहतात. माझी निघाली अ‍ॅडिनोमा. तिला इस्ट्रोजेनचं खतपाणी मिळतं, आणि पोटात बाळ असताना ते भरपूर वाढतं. गाठ ५ सेंटीमीटरच्या पुढे गेली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. फुटलीच तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. गोळ्या बंद केल्यावर माझी गाठ पाचच्या आत राहिली, म्हणून यकृततज्ज्ञांनी होकार दिला. मोठी असती तर आधी तिचा बंदोबस्त करावा लागला असता.

गरोदरपणातल्या नेहमीच्या सोनोग्राफीत बाळ बघतात, यकृत नाही. ते वेगळं सांगून बघून घ्यावं लागतं, ठरावीक अंतराने, शेवटपर्यंत.

डोहाळजेवणानंतर रिवाजाप्रमाणे माहेरी गेले. एका रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, ती खांद्यापर्यंत चढली. आई म्हणाली, “पित्त झालंय गं, सरबत घे.” दवाखान्यातही पित्ताचंच इंजेक्शन तयार होतं. (आपल्याकडे बाईच्या पोटात पित्ताशिवाय दुसरं काही दुखतच नाही!) मी गाठीच्या तपासण्यांची फाइल पुढे केली, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. गाठीत रक्त साचलं होतं. रक्तदाब आणि प्लेटलेट्सही तपासल्या, कारण हेल्प सिंड्रोम या गरोदरपणातल्या गंभीर आजारातही तिथंच दुखतं. नशिबाने रक्तस्राव गाठीबाहेर गेला नव्हता. यकृताचे सर्जन, रक्तपेढी आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात मला हलवलं आणि पुढे तिथंच सिझेरियन झालं.

तेव्हा माहेरी जाताना फाइल बरोबर न्या, आणि रात्री-अपरात्री कुठल्या रुग्णालयात जायचं ते आधीच ठरवा. कळेसोबत चक्कर, घाम, छातीत धडधड असेल तर सकाळची वाट पाहू नका. बाळंतपणानंतरचे काही आठवडेही जपावं लागतं. पाळणा लांबवायला मी आता कॉपर-टी बसवली आहे, तिच्यात हार्मोन नसतात. दुसऱ्या बाळाचा विषय निघतो, तेव्हा मी आधी एमआरआयची तारीख काढते.