शेणकिडा : एक निरीक्षणपाठ

आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकरच्या अरण्यात, तसेच जुन्नरच्या माळावर, पावसाळ्यात ताज्या शेणाभोवती शेणकिडे जमतात. काही जाती शेणाची गोळी करून, डोके खाली ठेवून, मागील पायांनी ती ढकलीत नेतात. पुष्कळ जाती मात्र शेणाखालीच बीळ खणून ते आत ओढतात. मादी त्यात अंडे घालते; अळीचे सारे अन्न तेच. या खणण्याने जमीन भुसभुशीत होते व विष्ठेतून पडलेल्या रानबियाही मातीत पुरल्या जातात. मुले गंमत म्हणून हा किडा चिरडतात, हे शिक्षकांनी थांबवावेच. परंतु मोठ्यांकडून होणारी हानी अधिक आहे. जनावरांस दिलेल्या आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाचा अंश शेणात उतरतो आणि अळ्या मरतात. पाठासाठी ताजे शेण शाळेच्या कुंपणापाशी ठेवून दोन दिवसांनी त्याखालील माती वर्गासमोर हलक्या हाताने उकरावी. सापडलेले गोळे पुन्हा झाकावेत.